खरेदीचा कागद आणि सम्यक् आजीविका

बुद्धवंदनेला बसलो म्हणजे आपण पंचशील म्हणतो. त्यातील दुसरे शील म्हणताना आपला आवाज बहुधा मोकळा असतो. जे दिलेले नाही ते घेण्यापासून मी दूर राहीन, असा त्याचा आशय. आपण कोणाचे घर फोडत नाही, कोणाचा खिसा कापत नाही. तेव्हा हे शील आपल्याकडून पाळले जातेच, अशी आपली समजूत असते. परंतु आपल्यातील जो माणूस कारखान्याच्या खरेदी खात्यात नोकरी करतो, त्याची गोष्ट निराळी आहे. त्याला काही चोरावे लागतच नाही. त्याच्या टेबलापाशी येणारा प्रत्येक जण काही ना काही देण्यासाठीच आलेला असतो. दिवाळीला सुक्या मेव्याचा खोका, मुलीच्या लग्नात जाड पाकीट, ऑर्डर निघाली की दोन टक्के. सारे हसतमुखाने दिलेले! मग यात 'न दिलेले' ते कोणते?

या प्रश्नावर मी पुष्कळ वर्षे विचार केला आहे, कारण ठाण्याच्या कोलशेत रोडवरील एका रसायनांच्या कारखान्यात खरेदी खात्याच्या खुर्चीवर माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेला. जे सांगणार आहे त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे. ती लपवून उपदेश करण्यात अर्थ नाही.

ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कोलशेत रोड कापूरबावडीहून निघतो आणि ढोकाळीवरून खाडीकाठच्या कोलशेत गावाकडे जातो. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पलीकडे वागळे इस्टेट उभी राहिली. इकडे कोलशेतच्या बाजूला सँडोझ, बायर यांसारखे रंगांचे, रसायनांचे मोठे कारखाने होते. सँडोझचा रसायन विभाग १९९५ साली वेगळा होऊन क्लॅरियंट झाला. आज ते कारखाने तेथे नाहीत. त्यांच्या जमिनींवर टोलेजंग गृहसंकुले उभी आहेत. परंतु त्या काळात आपल्यातील कित्येकांचे वडील असल्या कारखान्यांत ड्रम ढकलण्याचे, गटार उपसण्याचे, झाडलोटीचे काम करीत, आणि त्यांचीच मुले शिष्यवृत्तीवर शिकून पुढे कचेरीत बसली. ज्या गेटवर बापाचा डबा तपासला जाई, त्याच गेटवरून आत येणाऱ्या मालाच्या कागदावर मुलाची सही होऊ लागली. ही लहानसहान गोष्ट नव्हे. म्हणूनच त्या सहीचा विचार धम्माच्या दृष्टीने झाला पाहिजे.

खरेदी अधिकाऱ्याचे काम वरवर अगदी साधे आहे. स्टोअरकडून इंडेंट येतो. अधिकारी तीन ठिकाणची कोटेशने मागवतो, त्यांचे तुलनापत्रक करतो, सर्वांत कमी भावाच्या पुरवठादाराला पर्चेस ऑर्डर देतो. माल आला की वजनकाट्यावर तोलतात, तपासतात, बिल हिशेब खात्याकडे जाते. यात पाप कोठे आहे?

कोणी असे समजू नये की तथागतांना व्यापाराचा तिटकारा होता. भगवंतांचे पहिले दोन उपासक तपस्सु आणि भल्लिक हे व्यापारीच होते. अनाथपिंडिक तर श्रेष्ठीच. अंगुत्तर निकायात दुकानदाराचा दृष्टांत आहे. त्यात तीन गुण सांगितले आहेत. त्याला डोळे असावेत, म्हणजे हा माल केवढ्याला घेतला, केवढ्याला जाईल, हे त्याला दिसावे. त्याला खरेदी-विक्रीचे कौशल्य असावे. आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांचा त्याच्यावर विश्वास असावा. तेव्हा भाव करणे, मालाची पारख करणे, मालकाचा पैसा वाचवणे यात अधम्म नाही. ते त्याचे कर्तव्यच आहे.

परंतु दीघनिकायाच्या ब्रह्मजाल सुत्तात शीलाची जी लांबलचक यादी आहे, तिच्यात काही शब्द असे आहेत की ते आजच्या खरेदी खात्यासाठीच सांगितले असावेत असे वाटते. तुलाकूट म्हणजे खोटा तराजू. कंसकूट म्हणजे खोटा धातू. मानकूट म्हणजे खोटे माप. त्यांच्याच पाठोपाठ उक्कोटन, म्हणजे लाच. हे चारही शब्द एका ठिकाणी येतात हा योगायोग नव्हे, असे मला नोकरीने शिकवले. लाच एकटी कधीच येत नाही. ती खोटा तराजू, खोटा धातू आणि खोटे माप यांना बरोबर घेऊनच येते.

कसे, ते पाहा. पुरवठादार तुम्हाला दोन टक्के देतो. हे दोन टक्के तो घरच्या शेतातून आणीत नाही. त्याला ते मालातूनच काढावे लागतात. मग कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाची तीव्रता थोडी उतरते. ड्रममागे किलो-दोन किलो कमी भरते. किंवा यांहून वाईट गोष्ट होते. स्टेनलेस स्टीलचे ३०४ आणि ३१६ असे दोन प्रकार कारखान्यात नेहमी लागतात. दिसायला दोन्ही सारखेच, तशीच चकाकी. फरक इतकाच की ३१६ मध्ये सुमारे दोन टक्के मॉलिब्डेनम असते, आणि क्लोराइड असलेल्या द्रवात तेच त्या धातूला खड्डे पडण्यापासून वाचवते. ३१६ महाग, ३०४ स्वस्त. पुरवठादाराने ३०४ च्या व्हॉल्व्हवर ३१६ चा शिक्का मारला आणि तुम्ही तपासणी न करता 'ठीक' असा शेरा दिला, तर काय होईल? सहा महिन्यांनी, आठ महिन्यांनी तो व्हॉल्व्ह झिरपू लागेल. तेव्हा त्याच्याखाली तुम्ही उभे नसाल, पुरवठादारही नसेल. तिसऱ्या पाळीचा एखादा हेल्पर उभा असेल. दोन टक्के मॉलिब्डेनम गेले कोठे? ते तुमच्या पाकिटात आले!

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. पुरवठादार जे देतो ते त्याचे नसतेच. ते त्या हेल्परच्या अंगावरचे कातडे असते, आणि हेल्परने ते दिलेले नसते. म्हणून कोणी हसतमुखाने दिले तरी ते अदिन्नच होय. देणारा समोर दिसतो एवढ्यावरून वस्तू 'दिलेली' ठरत नाही. ती मुळात कोणाची होती, हे पाहावे लागते.

यावर आपल्या लोकांकडून काही आक्षेप घेतले जातात. ते मी या कानांनी ऐकले आहेत, म्हणून त्यांना उत्तरे देणे भाग आहे.

पहिला आक्षेप असा की, मी घेतले नाही तर दुसरा घेईलच. हे खरे असेल. परंतु धम्मात दुसऱ्याच्या कर्माचा हिशेब आपल्याला मागितला जात नाही. भगवंतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. दुसऱ्याच्या चेतनेने माझे मन मळत नाही, माझ्याच चेतनेने मळते.

दुसरा आक्षेप असा की, मी तर नोकर माणूस, कंपनीचे धोरणच तसे आहे. परंतु तुलनापत्रकाखाली सही कंपनीची नसते, तुमची असते. कंपनीला हात नाहीत. ती तुमच्या हातानेच लिहिते.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो केवळ आपल्याच माणसाच्या तोंडून येऊ शकतो. तो म्हणतो, या लोकांनी हजारो वर्षे आम्हाला लुबाडले. पिढ्यान्‌पिढ्या टक्के त्यांनी खाल्ले, तेव्हा कोणाला शील आठवले नाही. आता आमच्या हाती चार पैसे येऊ लागले, तर तुम्ही पंचशील काढून बसलात! या बोलण्यामागचे दुःख मी जाणतो आणि त्याची टिंगल करणार नाही. परंतु हिशेब नीट मांडा. तुम्ही जे दोन टक्के घेता ते ज्यांनी लुबाडले त्यांच्या तिजोरीतून येतात काय? नाही. ते झिरपणाऱ्या व्हॉल्व्हखाली उभ्या असलेल्या माणसाकडून येतात, आणि तो बहुतेक वेळा तुमच्याच वस्तीतला असतो. शिवाय ज्याच्याकडून पाकीट घेतले त्याच्यासमोर तुमची मान कायमची वाकते. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी मान ताठ केली, ती पुन्हा पाकिटापुढे वाकवण्यासाठी नव्हे.

येथवर जे लिहिले ते वाचून सज्जन वाचक मान डोलवील आणि म्हणेल, मी तर लाच घेत नाही, तेव्हा हा लेख माझ्यासाठी नाही. वाचकहो, मीही असेच समजत होतो. माझी चूक येथेच आहे.

मी पाकीट घेत नसे. दिवाळीचे खोके परत पाठवीत असे, आणि त्याचा मला अभिमान होता. एका वर्षी कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीतील गाळ काढावयाचा होता. तीन कोटेशने आली : ४२ हजार, ३८ हजार आणि १९ हजार. मी तुलनापत्रक केले आणि १९ हजाराला ऑर्डर काढली. वरिष्ठांनी शाबासकी दिली. एवढा फरक कसा, हे मी विचारले नाही. पहिल्या दोन कोटेशनांत हवा खेळवण्याचा ब्लोअर, वायू मोजण्याचे यंत्र, कमरेला बांधावयाचा दोर-पट्टा आणि बाहेर उभा राहणारा एक जादा माणूस यांचा खर्च धरलेला होता. तिसऱ्यात फक्त माणसे आणि बादल्या होत्या.

असल्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. फार झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते, आणि उतरणाऱ्याला वाटते की धोका टळला. त्या दिवशी जो मुलगा खाली उतरला त्याला दोघांनी ओढून वर काढले. तो वाचला. मी इस्पितळात गेलो तेव्हा त्याच्या गळ्यात बाबासाहेबांचे पदक होते. मला पाहून तो उठू लागला आणि म्हणाला, "साहेब, आमचं बिल अडकणार तर नाही ना?" मला काही बोलता आले नाही. रजिस्टरमध्ये 'किरकोळ अपघात' अशी नोंद झाली.

मी दोन टक्के घेतले नव्हते. परंतु १९ हजार रुपये वाचवून कंपनीला दिले होते. ते कोणी दिले होते? ठेकेदाराने नव्हे. ते त्या मुलाच्या श्वासातून काढले होते, आणि त्याने ते दिलेले नव्हते. लाच घेणारा जे अदिन्न स्वतःच्या खिशात घालतो, तेच मी मालकाच्या खिशात घातले. खिसा बदलला म्हणून शील पाळले गेले काय?

तो मुलगा वाचला, हे त्याचे आणि माझे नशीब म्हणणार नाही, कारण आपण नशीब मानीत नाही. दोघा सोबत्यांनी वेळेवर हात दिला म्हणून तो वाचला. सारेच वाचत नाहीत. याच कोलशेत रोडला लागून असलेल्या ढोकाळीत, २०१९ च्या मे महिन्यात, एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत उतरलेले तीन तरुण कामगार गुदमरून मेले. कारखाने गेले, त्यांच्या जागी घरे आली, पण टाकी राहिली आणि टाकीत उतरणारा राहिला. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटार वा मैल्याच्या टाकीत माणूस उतरवण्यास बंदी आहे, आणि ही बंदी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष अशा दोन्ही प्रकारे कामाला लावणाऱ्यास आहे. 'ठेकेदाराने उतरवले, आम्ही नाही' हे म्हणणे कायद्यालाही मान्य नाही. गटारात मरणाऱ्याच्या वारसांना दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. न्यायालय मेल्यानंतरची किंमत वाढवू शकते. मरण्यापूर्वीची किंमत कोटेशनात धरावयाची की नाही, हे खरेदीचा कागद लिहिणाराच ठरवतो.

भगवंतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. रसायनांच्या कारखान्यातील आपले तरुण विचारतात, आमची नोकरी विषाच्या व्यापारात मोडते काय? माझे उत्तर असे की, गंधकाम्लाशिवाय रंग नाही, खत नाही, कित्येक औषधे नाहीत. केवळ नावाने वस्तू विष ठरत नाही. परंतु उरलेला घातक द्रव नेण्यासाठी जो टँकरवाला सर्वांत कमी भाव सांगतो, तो तो द्रव कोठे नेतो, हे विचारले नाही तर मात्र तो विषाचा व्यापार होतो. २०१४ च्या नोव्हेंबरात उल्हासनगरला वालधुनीच्या पात्रात रसायन सोडले गेले आणि काठच्या शेकडो रहिवाशांना विषारी वायूमुळे इस्पितळात न्यावे लागले. रात्रीच्या अंधारात नाल्यात टँकर मोकळा करणारा ड्रायव्हर तुम्ही-आम्ही पाहतो. ज्या टेबलावर तो स्वस्त भाव मंजूर होतो, ते टेबल कोणी पाहत नाही.

आता आणखी एक प्रश्न. आपल्या समाजाचा एखादा तरुण लेथ मशीन टाकतो आणि तुमच्याकडे येऊन म्हणतो, "काका, तुम्ही खुर्चीवर आहात, एक ऑर्डर द्या." त्याला द्यावी काय? मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याला विटाळ होई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उपस्थित केला होता. आज तो धागा नाही, परंतु पुरवठादारांची यादी आहे. ती यादी ओळखीवर, नात्यागोत्यावर, जातीवर बनते, आणि आपल्या तरुणाचे नाव तिच्यात येतच नाही. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणाने केंद्र सरकारच्या उपक्रमांना अनुसूचित जाती-जमातींच्या लहान उद्योजकांकडून ४ टक्के खरेदीचे उद्दिष्ट घालून दिले. खाजगी कारखान्याला तसे बंधन नाही. म्हणून माझे मत असे : त्याला दार उघडा, तराजू झुकवू नका. त्याचे नाव यादीत घाला, चौकशीपत्र पाठवा, ड्रॉइंग समजावून सांगा, पहिला नमुना नापास झाला तर का झाला ते सांगा. इतरांना हे सारे ओळखीने मिळते, त्याला हक्काने मिळू द्या. परंतु त्याचा व्हॉल्व्हही तितक्याच कसोशीने तपासा, कारण त्याखाली उभा राहणारा हेल्पर आपलाच आहे. आणि हो, त्याच्याकडून लाडूचा डबाही घेऊ नका.

त्याच तरुणाचे बिल वेळेवर द्या. लहान पुरवठादाराचे पैसे अडवून ठेवणे हीही न दिलेल्याची उचलच आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याने लहान उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे सांगितले आहे. परंतु व्याज मागायला गेलेल्याला पुढची ऑर्डर मिळत नाही, म्हणून तो गप्प बसतो. त्याचे गप्प बसणे म्हणजे देणे नव्हे.

त्या मुलाच्या प्रसंगानंतर मी एक नियम केला. प्रत्येक तुलनापत्रकावर भावाच्या रकान्याशेजारी मी हाताने आणखी एक रकाना आखीत असे, आणि त्यात एकच प्रश्न लिहीत असे : हा भाव कमी का आहे? उत्तर मिळाले की पुरवठादार जवळचा आहे, वाहतूक वाचते, यंत्र चांगले आहे, तर ऑर्डर त्याची. उत्तर मिळाले नाही, किंवा उत्तर माणसाच्या अंगावर येऊन थांबले, तर तो भाव माझ्या लेखी सर्वांत कमी नसे. या रकान्यापायी वरिष्ठांची बोलणी खाल्ली. बढती एकदा हुकली. परंतु अंगुत्तर निकायात गृहस्थाच्या चार सुखांत निर्दोष जगण्याचे जे सुख सर्वांत मोठे सांगितले आहे, त्याची थोडी ओळख मला त्या हुकलेल्या बढतीच्या वर्षी झाली.

बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात धम्माचे जे स्वरूप मांडले त्याचा आशय असा की, माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसांचा संबंध आला की धम्माला जागा द्यावीच लागते. खरेदी म्हणजे दोन माणसांचा संबंध, असे आपण समजतो : घेणारा आणि विकणारा. वस्तुतः तेथे तिसरा माणूस नेहमी असतो, जो कागदावर दिसत नाही. तो टाकीत असतो, व्हॉल्व्हखाली असतो, नाल्याकाठी राहत असतो. सम्यक् आजीविका म्हणजे कागद लिहिताना त्या तिसऱ्याला खोलीत बसवून घेणे.

आणि हे केवळ खरेदी अधिकाऱ्यासाठी नाही. ज्या कोलशेतला आम्ही ड्रम मोजत होतो, तेथे आज तुमच्यापैकी कोणी सदनिका घेऊन राहत असेल, सोसायटीच्या कमिटीवर असेल. पुढच्या सभेत टाकी साफ करण्याची तीन कोटेशने टेबलावर येतील आणि कोणीतरी म्हणेल, सर्वांत कमी कोणाचे? तेव्हा हात वर करून एवढेच विचारा : कमी का? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.